सॅक्सोफोनातला बोळा

“दादा, आजपासून तू वाजवायचं नाही! रांगेत नुसता उभा राह्य!”

असं म्हणून राजदीपनं भर वरातीत, वऱ्हाड्यांसमोर, थोरल्या भावाच्या सॅक्सोफोनात टॉवेलचा बोळा कोंबला. देवरावच्या अंतःकरणात कळ उठली...! जो बँड त्यानं उभा केला, ज्याची झालरीची मास्तरटोपी त्यानं स्वतःच्या हातांनी धाकट्याच्या मस्तकी ठेवली, त्याच बँडमध्ये आज तो भरतीचा माणूस झाला होता! भरतीचा म्हणजे रांग मोठी दिसावी म्हणून वर्दी घालून नुसते गाल फुगवणारा. आर्णीत प्रत्येक बँडला असे एक-दोन लागतातच. देवरावच्या बँडमधला एक एरवी चांगला शिंपी होता.

“तुह्या आवाजानं माहा आवाज दबून राह्यला!” राजदीप गरजला.

टीबीनं राजदीपचा दम नेला, तेव्हा सॅक्सोफोन कवटाळून तो रडला होता, “दादा, मी आता कायले जगू?” तेव्हापासून देवराव राजदीपच्या माइकची वायर गाडीवरच्या भोंग्याला जोडतच नव्हता, फक्त स्वतःची जोडायचा. पुढं धाकट्याची बोटं, मागं थोरल्याचा श्वास... आणि भोंग्यातला तो सूर राजदीप आपलाच समजायचा! हे फक्त देवरावच्या बायकोला, इंदूबाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते आजवर पोटात ठेवलं होतं.

राजदीपनं फुंकलं. भोंगा मुका. नुसती सायकलच्या ट्यूबसारखी फुसफुस. ढोल थबकले. नेहमी याच बँडच्या सुरामागं चालणारी घोडी नवरदेवासकट रांगेत शिरली आणि देवरावपुढं येऊन उभी राहिली.

“घोडीले समजते, मास्तरले नाही!” नवरदेवाची आत्या म्हणाली.

राजदीपनं घाबरून आपली वायर ओढली. ती सहज येत गेली... शेवटी धुळीनं माखलेली पिनच त्याच्या हातात आली!

“दादा... हे सारं तू वाजवत होता? काहून सांगतलं नाही?”

“तू जगून राह्यला होता न, बाबू... मधात कायले बोलू?”

राजदीपनं बोळा उपसला, त्यानंच डोळे पुसले, आणि टोपी भावाच्या डोक्यावर ठेवली. देवरावनं ती परत केली.

“मले टोचते. पुढं हो, बोटं हालव.”

“आता कसा हालवू? आता मले माहीत झालं!”

“मले तं पह्यलेपासून माहीत होतं. मी थांबलो का?”

सूर घुमला. घोडी हलली. राजदीप पुढं झाला खरा, पण साऱ्या वाटेनं उलटा चालला... भरल्या डोळ्यांनी, दादाच्या प्रत्येक श्वासाकडं बघत. वऱ्हाड्यांना ती नवी फॅशन वाटली. आत्यानं तर आपल्या पोराच्या लग्नासाठी तिथंच बजावलं, “मास्तर उलटाच पाहिजे!”