चौदाव्या रकान्यातली नाव

"मॅडम, पुराला परवानगी इथेच मिळते ना?"

तिने मान वर केली. समोर एक उंच माणूस उभा होता. रेनकोटच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं, काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल होती आणि चेहरा अगदी गंभीर होता.

"पुराला नाही," ती म्हणाली. "पूररेषेच्या आत घर बांधायला."

"बाहेर पाटीवर तर 'पूर परवानगी' लिहिलंय. मी म्हटलं, मागच्या पुराला कोणी परवानगी दिली होती, तेवढं विचारून घेऊ."

पाटी रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून त्याने 'क्षेत्र बांधकाम' हे मधले दोन शब्द खुशाल गाळले होते, त्याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षांत हजारभर माणसं त्या पाटीखालून आत आली, पण हा विनोद कोणाला सुचला नव्हता. तिला हसू फुटलं. शिक्का शोधायच्या निमित्ताने तिने ते ड्रॉवरमध्ये वाकून लपवलं.

"बसा," ती म्हणाली. "पण रेनकोट बाहेर काढून या. इथे कागद आहेत."

तो मुकाट्याने बाहेर गेला, रेनकोट काढून आला आणि बाकाच्या टोकावर बसला. तिने फाइल उघडली. नदीकाठी नावा दुरुस्त करण्याचा धंदा, वडिलांपासूनचा. मागच्या पुरात घर पडलं. त्याच जागेवर पुन्हा बांधायचं होतं. पूररेषेच्या आत कोणालाही असं घर बांधता येत नसे, पण ज्याचं पोट नदीवर आहे त्याला विशेष परवानगी मिळू शकत होती. खाली नुसते खांब, वर राहायच्या खोल्या, बाहेरून जिना, आणि वीस रकान्यांचा एक अर्ज. त्यातले एकोणीस नीट भरलेले होते.

"चौदावा राहिलाय."

"राहिला नाही, सोडलाय."

"सोडायला ती काय बसमधली जागा आहे? वाचा बरं."

त्याने वाचलं. "'पुराची सूचना मिळताच अर्जदाराला स्वतः कळवेल अशी, याच गावात पूररेषेबाहेर राहणारी व्यक्ती. नाव, पत्ता, फोन, अर्जदाराशी नाते.'" मग त्याने कागद खाली ठेवला. "माझ्याकडे नावा आहेत, मॅडम. सध्या सात आल्यात दुरुस्तीला. नाव मात्र एकही नाही."

"नातेवाईक?"

"आई गेली दोन वर्षांपूर्वी. बाकीची सगळी माणसं रेषेच्या आतलीच होती... पुरानंतर कोणी मुलाकडे गेलं, कोणी मावशीकडे. रेषेबाहेर मला ओळखतो तो पेट्रोलपंपावरचा कुत्रा. पण तो फोन उचलत नाही."

तिने 'रकाना १४ अपूर्ण' असा शेरा मारला आणि फाइल परत केली. तो रकाना सोडून देणं तिला शक्यच नव्हतं, कारण तो तिनेच घालायला लावला होता. मागच्या पुरात भोंगा वाजला, पण पावसाच्या आवाजात तो ऐकू गेला नाही. ज्यांना बाहेरून कोणी हाक मारली ते उठले, निघाले. एकेकटी राहणारी दोन माणसं उठलीच नाहीत. त्यांची नावं तिला अजून पाठ होती.

"महिनाअखेरीच्या आत आणा," ती म्हणाली. "एक तारखेपासून नवी रेषा लागू होतेय. मग तुमच्या पट्ट्यात कोणालाच परवानगी नाही."

तो गेला. बाकावर पाण्याचं छोटंसं तळं राहिलं. ते पुसायला शिपायाला सांगायचं तिने दुपारपर्यंत लांबवलं.

तिचं आयुष्य तसं नीटनेटकं होतं. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुराची भीती नाही, शेजाऱ्यांचा त्रास नाही. सोमवार ते शुक्रवार साठ माणसं तिला 'मॅडम' म्हणायची. शनिवार-रविवारी मात्र तिला हाक मारायला भाजीवाल्याशिवाय कोणी नसायचं. ताई विमानाच्या अंतरावर. तिचा रविवारी फोन यायचा, "जेवलीस का?" आणि मग "बरं, ठेवते." कपाटात सहा कपांचा सेट होता. त्यातला एकच कप घासून घासून फिका पडला होता आणि बाकीचे पाच नव्यासारखे होते. ती कधीकधी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलायची, उगीच, आवाज शाबूत आहे ना ते पाहायला.

आठ दिवसांनी तो परत आला. चौदाव्या रकान्यात पेन्सिलीने काढलेली एक छोटीशी होडी होती. पोट छान वळवलेलं, वल्ही दोन्ही बाजूंना.

"हे काय आहे?"

"नाव."

"अहो, नाव लिहायला सांगितलं होतं. काढायला नाही!"

"तुम्ही म्हणालात चौदाव्यात नाव पाहिजे. मला येते तशी दिली."

तिने खोडरबर उचललं. होडीवर टेकवलं... आणि खाली ठेवलं. "जिन्याची रुंदी कमी दाखवलीय," ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली. "दुरुस्त करून आणा."

"ते मागच्या वेळी नव्हतं दिसलं?"

मागच्या वेळीच दिसलं होतं. सगळ्या त्रुटी एकदम कळवायच्या, असा नियम होता आणि तो तिला तोंडपाठ होता. तरी तिने जिना या वेळेसाठी राखून ठेवला होता आणि खांबांमधलं अंतर पुढच्या वेळेसाठी. आपण हे काय करतोय, असं तिने स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

"नजरचूक," ती म्हणाली.

"होते कधीकधी," तो म्हणाला आणि असा काही हसला की तिचे कान गरम झाले.

खांबांसाठी तो आणखी एकदा येऊन गेला. मग जागेची पाहणी आली. ती टेप आणि पट्टी घेऊन नदीकाठी गेली. पाऊस भुरभुरत होता. जुन्या घराची एकच भिंत उभी होती आणि तिच्यावर पुराच्या पाण्याची तपकिरी खूण स्पष्ट दिसत होती. ती खुणेखाली जाऊन उभी राहिली. खूण तिच्या डोक्याच्या हातभर वर होती.

"तुम्ही बुडाला असता," तो पट्टी धरून म्हणाला.

"तुम्ही?"

"मी आईला घेऊन नावेत होतो. आईच्या भावाने टेकडीवरून फोन केला म्हणून. मामा गेला गेल्या वर्षी." त्याने पट्टी सरळ केली. "तुमचा रकाना चुकीचा नाही, मॅडम. माझ्यापाशी माणूस नाही, एवढंच."

ती आकडे लिहीत राहिली. नदी शांत होती. पालथ्या घातलेल्या नावांच्या पोटावर पाऊस वाजत होता. अशाच एका नावेखाली ताडपत्री लावून तो राहत होता.

"तुम्हालाही भरावे लागत असतील ना असले फॉर्म?" त्याने विचारलं.

"दरवर्षी. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे.'"

"मग कोणाला कळवावे?"

खोटं बोलणं सोपं होतं. ताईचं नाव सांगता आलं असतं. "आमच्या कक्षाच्या फोनवर," ती म्हणाली.

"तो कुठे असतो?"

"माझ्या टेबलावर."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "म्हणजे तुम्हाला काही झालं तर फोन तुमच्याच रिकाम्या खुर्चीसमोर वाजणार," तो हळूच म्हणाला.

सहा वर्षं ती तो फॉर्म भरत होती आणि हे तिला एकदाही दिसलं नव्हतं. तिला एकदम रडू येईल असं वाटलं. पाऊस होता ते बरं झालं.

"यंदा नाही जमलं तर जाईन म्हणतो," थोड्या वेळाने तो म्हणाला. "चुलतभाऊ बोलावतोय समुद्राकडे. तिकडे नावाही मोठ्या असतात." तो पाण्याकडे बघत होता. "जावंसं वाटत नाही, पण... इथे कोणासाठी थांबायचं?"

तिने टेप गुंडाळला.

त्या रविवारी ताईने विचारलं, "जेवलीस का?" आणि तिने चक्क "नाही" म्हणून सांगितलं. "घास उतरत नाही गं." ताई इतकी दचकली की 'ठेवते' म्हणायचं विसरली. अर्ध्या तासाने, सगळं ऐकून, ती म्हणाली, "मग तुझंच नाव घाल की. अडलंय कुठे?"

अडलं होतं ते असं. अर्ज तपासणाऱ्याचंच नाव अर्जात चालत नसे. आपलं नाव घालायचं तर फाइल सोडावी लागणार होती, आणि कक्षात दुसरा अधिकारी एकच होता. त्यांना सगळे मागून 'कात्री' म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांच्या टेबलावरून अकरा अर्जांपैकी दोन सुटले होते. कात्रींनी नापास केलं तर तो समुद्राकडे जाणार आणि आपली ऑफिसभर शोभा होणार. आणि त्याच्या मनात तसं काही नसलंच तर? नुसता थट्टेखोर स्वभाव असला तर? माणूस विनोद करतो म्हणजे तो आपल्यासाठीच करतो, असं थोडंच असतं?

सोमवारी सकाळी तिने फाइलच्या शेऱ्याच्या पानावर लिहिलं : 'अर्जदाराशी व्यक्तिगत संबंध असल्याने ही फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी.' चौदाव्या रकान्यात, होडीच्या शेजारी, पेनाने स्वतःचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिला. नात्याची जागा कोरी ठेवली आणि फाइल शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली.

कात्रींनी शेरा दोनदा वाचला. "व्यक्तिगत संबंध? कधीपासून?"

"आत्तापासून."

"त्यांना माहीत आहे?"

"अजून नाही."

कात्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी कोणाला सवलत देत नाही, बाई."

"माहीत आहे. म्हणूनच सांगते, जिना आणि खांब मी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी परत पाठवले. तेही लिहून घ्या."

त्यांनी खरोखर लिहून घेतलं.

महिनाअखेरच्या दिवशी अर्जदाराला बोलावणं गेलं. तो आला, तिच्या टेबलाकडे वळला, तर तिने नुसतं शेजारी बोट दाखवलं आणि समोरच्या कागदात डोकं घातलं. त्याचा चेहरा पडला. तो कात्रींसमोरच्या बाकावर जाऊन बसला.

"मी नापास असेन तर सरळ सांगा, साहेब. चौदावा अजून—"

"चौदाव्यात नाव आलंय."

"मी लिहिलं नाही."

"ते दिसतंय. अक्षर चांगलं आहे." कात्रींनी फाइल मिटून स्वतःकडे ओढली. "बाकी सगळं निर्दोष आहे. इतक्या वेळा परत पाठवल्यावर असणारच. आता नियमाप्रमाणे त्या व्यक्तीला फोन करून खात्री करायची." आणि त्यांनी नंबर फिरवला.

दोन हातांवरच्या टेबलावर तिचा मोबाइल वाजला.

बाकावरचा माणूस वळला. तिने फोन उचलला.

"हॅलो. पूर परवानगी कक्षातून बोलतोय," कात्री भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "आपण पूररेषेबाहेर राहता?"

"हो. टाकीच्या टेकडीवर. तिसरा मजला."

"पुराची सूचना आल्यास अर्जदाराला स्वतः कळवाल?"

"कळवीन."

"त्यांनी फोन नाही उचलला तर?"

"जाईन. उठवीन."

"वेळ कुठलीही असो?"

तिने पहिल्यांदा बाकाकडे पाहिलं. तो उभा राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "कुठलीही असो," ती म्हणाली.

"अर्जदाराशी नातं?"

पंखा फिरत होता. कोपऱ्यातल्या टाइपिस्टबाईंची बोटं थांबली होती.

"ठरायचंय," ती म्हणाली.

"असं लिहिता येत नाही, बाई. मामा, काकू, मैत्रीण... रकान्यात काहीतरी नातं लागतं."

"साहेब," तो म्हणाला. त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "साहेब, ते मी लिहू का? अर्ज माझाच आहे."

कात्रींनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. त्याने पेन घेतलं, आपल्या होडीकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या नावाकडे खूप वेळ पाहिलं आणि कोऱ्या जागेत एकच शब्द लिहिला.

कात्रींनी तो मोठ्याने वाचला. "'घरची.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घर अजून बांधून झालेलं नाही."

"म्हणून तर परवानगी मागतोय, साहेब."

कात्रींनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि उमटवला. वर फुंकरही मारली, जे त्यांनी आजवर कोणासाठी केलं नव्हतं. मग टाइपिस्टबाईंना "चला, चहा घेऊ" म्हणून ते त्यांना घेऊन बाहेर पडले.

ती अजून मोबाइल कानाला लावून बसली होती.

"फोन ठेवा आता," तो जवळ येऊन म्हणाला. "मी इथेच आहे."

तिने फोन ठेवला. डोळे पुसले.

"तुमचा तो फॉर्म कुठे असतो?" त्याने विचारलं. "अपघात झाल्यास कोणाला कळवावे... तो?"

तिने खालचा ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, ऑफिसच्या फोनचा नंबर खोडला आणि कागद पेनासकट त्याच्यापुढे केला.

"या वेळी लिहा हं," ती म्हणाली. "काढू नका."