दोन फुटांची गादी

ज्यांना "हे खरं कशावरून?" असं विचारायची खाज असते, त्यांनी माझ्या आत्यासमोर उभं राहून विचारावं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आपोआप खरं वाटेल. मी तिने सांगितलं तेवढंच लिहितोय. शेवटचं मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि भुतं रात्रीच येतात, हेही डोक्यातून काढून टाका.

हे घडलं शनिवारी, दुपारी सव्वादोन वाजता. कालव्याकाठच्या डांबरी रस्त्यावर, लख्ख उन्हात.

आत्या मोटारींची सीट कव्हरं शिवते. आतोबा, म्हणजे तिचे मिस्टर, दुकानांचे बोर्ड बनवायचे. सहा वर्षं त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. सायकलच्या मागे जोडायचा कॅम्पर. दोन चाकांवरची झोपायची पेटीच म्हणा. साठी झाली की दुकानाला कुलूप लावायचं आणि सायकल काढून मुक्कामोमुक्काम हिंडायचं.

"आपण दोघं निघायचं," असं ते म्हणायचे. दोघं. हा शब्द माझा नाही, त्यांचा.

कॅम्पर हलका हवा म्हणून आतोबांनी जीव टाकला. ॲल्युमिनियमचा सांगाडा, बोर्डाच्या पोकळ प्लास्टिक शीटच्या भिंती, मध्ये थर्माकोल. स्क्रू जड, म्हणून सगळीकडे रिव्हेट. सोबत न्यायच्या टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. दाराला कडी फक्त आतून. "झोपणारा आत असतो, बाहेर कडी कशाला? साठ ग्रॅम वाचले," म्हणे. बाहेरून ओढायला नुसती पट्टी. शेजारचे दुकानदार त्यांना 'ग्रॅमशेठ' म्हणायचे.

गादी शिवायचं काम आत्याकडे आलं. रुंदी दोन फूट.

"एवढीच? आपण काय एकमेकांच्या डोक्यावर झोपणार?"

"ही माझी गं. आधी बसते का बघू. तुझ्या गादीचं माप नंतर सांगतो."

तिने शिवली. चांगलं जाड रेक्झिन लावून शिवली. ते 'नंतर' काही आलं नाही. गेल्या वर्षी वर्कशॉपमध्येच, हातात ड्रिल असताना, आतोबा खाली बसले ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने आत्याने वर्कशॉप उघडलं. कॅम्पर तयार होता. तिने टेप काढून आतून माप घेतलं.

दोन फूट एक इंच.

दुसऱ्या गादीला जागाच नव्हती. तिने आतोबांची वही काढली. अगदी पहिल्या पानावर, सहा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, कॅम्परचा नकाशा होता. आत झोपलेला एक माणूस काढलेला.

एकच.

आत्या रडली नाही. माझे वडील समजवायला गेले, "अगं, गेलेल्या माणसावर राग धरू नये. विकून टाक तो डबा." तर ती त्यांच्यावरच उखडली.

"विकू? सहा वर्षं मला गाजर दाखवलं त्याने! एकटाच जाणार होता ना? मग आता मी जाते एकटी. त्याच्याच गादीवर झोपते. बसू दे बघत."

एकतीस वर्षं 'अहो' म्हणणारी बाई अरे-तुरेवर आली होती. वडील घरी निघून आले.

निघायच्या आधी तिने ताणकाट्याला लटकवून कॅम्परचं वजन केलं. अठ्ठावीस किलो. मग सायकलला जोडला आणि शनिवारी सकाळी निघाली. वय अठ्ठावन्न. सकाळभर गाडा असा पळत होता, की मागे काही आहे हेच ती विसरली.

जेवायला थांबली. पुन्हा सायकलवर बसली. पॅडल मारलं...

सायकल हलेना.

रस्ता सपाट होता. चाकांत हवा होती. काही अडकलेलंही नव्हतं. तिने आतलं सामान बाहेर काढलं, दार लोटलं आणि रिकामा गाडा ढकलून पाहिला. तरी तेवढाच जड. शेवटी सामान हँडलला अडकवून ती सायकल हाताने ओढत निघाली. पुढे एका भंगारवाल्याचं दुकान लागलं. बाहेर जमिनीवर मोठा वजनकाटा होता. आत्याला शंका आली की ती हिशोब पुरा केल्याशिवाय सोडत नाही. तिने गाडा सोडवला आणि काट्यावर चढवला.

काटा हलला... डुलला... आणि थांबला.

नव्याण्णव किलो.

अठ्ठावीस वजा करा. एकाहत्तर उरतात. आतोबांचं वजन किती होतं, ते आत्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

भंगारवाला म्हणाला, "ताई, आत कोण झोपलंय? त्यांना उतरवा, मग करू वजन."

"कोणी नाही. हे बघा," म्हणत तिने दाराची पट्टी ओढली.

दार उघडेना. पुन्हा ओढली...

आतून कडी लागली होती.

भंगारवाला दोन पावलं मागे सरकला. तुम्ही-मी असतो तर पळालो असतो. आत्या पळाली नाही. तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. इतकं खोटं बोलून, मरून, वर हा माणूस आत कडी लावून झोपतो?

"उघड!" तिने दारावर थाप मारली. "उघड म्हणते ना! सहा वर्षं खोटं बोललास. माझ्याकडून गादी शिवून घेतलीस, लाज नाही वाटली? एकदा म्हणायचं होतंस की तू नकोस! मी काय अडवणार होते?"

तिने दाराला कान लावला.

मग... रेक्झिन कुरकुरलं.

"कूस बदलली त्याने," आत्या मला सांगत होती. "भिंतीकडे तोंड केलं. मला कळतं रे. भांडण झालं की तो असाच वळून झोपायचा. एकतीस वर्षं मी ती पाठ बघितलीय."

त्यावर तिचा उरलासुरला तोल सुटला. तिने दोन्ही हातांनी पट्टी धरली, पाय चाकाला लावला आणि सगळा जोर लावून ओढली. कडी तुटली नाही. वाकलीही नाही. ती सरळ सरकली... कोणीतरी कंटाळून सरकवावी तशी. दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. गादी सपाट होती.

आत्या आत शिरली. आडवी व्हायला गेली, आणि तिला जागा होईना. खांदा कशाला तरी टेकत होता. गार नाही, गरम नाही. नुसता घट्ट.

"सरक," ती म्हणाली.

तो सरकला नाही.

पुढचं भंगारवाल्याने बघितलं. मी नंतर त्याला गाठून विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. तो डबा तासभर गदागदा हलत होता. आतून एकाच बाईचा आवाज येत होता, ती कोणाला तरी शिव्या घालत होती आणि मध्येच हमसून रडत होती. साडेतीनला ती बाहेर आली तेव्हा तिचं कोपर काळंनिळं झालं होतं. भंगारवाल्याने पाणी दिलं, ते ती घटाघट प्यायली. मग ते नव्याण्णव किलो ओढत घरी परत आली. वाटेत दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

मला वाटलं, आता तरी ती तो डबा मोडीत काढेल.

गेल्या रविवारी मी वर्कशॉपवर गेलो. आत्याने कॅम्पर करवतीने उभा चिरला होता. दोन्ही अर्धुकं दोन फुटांचं अंतर ठेवून मांडली होती. कोपऱ्यात नवी गादी शिवून तयार होती, पहिलीच्याच मापाची.

"आत्या, एवढा रुंद गाडा जड होईल."

"होऊ दे."

"आणि..." मी नव्या गादीकडे बघितलं. "आतोबांना चालणार आहे का हे?"

"त्याला विचारतंय कोण?"

तिने एक लांब शीट उचलली. एक टोक आपल्या अर्ध्या भागावर टेकवलं. दुसरं जमिनीवरच होतं. वर न बघता ती म्हणाली, "ते टोक धर."

मी पुढे झालो.

"तुला नाही सांगितलं."

मी जागच्या जागी थांबलो. काही वेळ काहीच झालं नाही. आत्याने रिव्हेटची पिशवी खाली आपटली आणि तेच पुन्हा म्हणाली, या वेळी दात-ओठ खाऊन.

आणि मग... शीटचं दुसरं टोक जमिनीवरून उचललं गेलं. हळूहळू. नाखुशीने. तिच्या टोकाच्या बरोबरीला आलं आणि तिथेच थांबलं.

आत्याने ड्रिल सुरू केलं.

मी चपला तिथेच टाकून आलो. परवा तिचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात निघतोय म्हणाली. निघतोय. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तिला निरोप द्यायला जायला हवं, घरचे सगळे तेच म्हणतात. माझं पाऊल उचलत नाही.