भोपळ्याला डास चावेना

डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत आता डास मारणं वाईट समजतात. सवयीने कुणाचा हात उठलाच, तर शेजारीण डोळे वटारते, "अगं, कुत्र्यांचं औषध ते."

होतंच तसं. पूर्वी डासांमुळे कुत्र्यांना हृदयकृमी व्हायचे. शेवयांसारखे लांब जंत, थेट काळजात घर करायचे. मग शास्त्रज्ञांनी चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या. डासाच्या लाळेतच या कृमींच्या अळ्या मारणारं औषध तयार होईल, अशी सोय केली. हा राखणडास. दिवेलागणीला येतो, चावतो, औषध देऊन जातो. गोळ्यांचे कारखाने केव्हाच बंद पडले.

हेमाकाकी चुरींच्या कुत्र्याला, भोपळ्याला, तपासायला डॉक्टर इरावती वर्तक आली. राखणडास तिच्याच संशोधन केंद्रातले. तिने भोपळ्याच्या रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला. कृमी असले तर लाल रेघ, औषध पोचलं असेल तर हिरवी. काकी देवाचं नाव घेत बसली. आधीचा कुत्रा, खंड्या, याच रोगाने धापा टाकत गेला होता.

पट्टी कोरीच राहिली.

"कृमी नाहीत, काकी. पण औषधही नाही. गावात एकट्या यालाच राखणडास चावलेला नाही."

"चावेल कसा? खंड्या गेल्यापासून दिवेलागणीची धुरी चुकवली नाही मी. नारळाच्या शेंड्या, कडुलिंबाचा पाला. हा बाजूलाच लोळतो."

इरावतीने कपाळाला हात लावला. "त्या धुराने राखणडास पळतात हो. जुने डास मात्र धूर विझल्यावर रात्री येतात."

"म्हणजे मीच याच्या मुळावर उठले होते," काकीचे डोळे भरले.

ओटीवरून बाबूकाका गरजले, "मग काय, आता घरात डास पाळायचे? आम्हाला नाही चावणार ते?" चहात साखर कमी पडली तरी वाडी डोक्यावर घेणारा माणूस.

"चावतील. पण या औषधाने माणसाला काही होत नाही, काका."

"औषधच भरायचं तर राग उतरवणारं भर गं पोरी," काकी म्हणाली. "पहिला चावा यांना."

"त्यावरही काम चालू आहे," इरावती हसत म्हणाली.

धुपाटणं माळ्यावर गेलं. महिन्याने पट्टीवर हिरवी रेघ उमटली, तेव्हा काकी अंगणात चक्क नाचली. भोपळ्याला खीर मिळाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहा. त्या गडबडीत काकांच्या चहात साखर घालायचीच राहिली.

काका शांतपणे प्यायले. "छान झालाय," म्हणाले.

काकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला आठवलं, धुरी बंद झाल्यापासून हा माणूस एकदाही ओरडला नव्हता. आपल्याला न विचारता हे कुणी केलं? तिने माळ्यावरून धुपाटणं काढलं, शेंड्या भरल्या, काडी ओढली. भोपळ्या शेपटी हलवत नेहमीच्या जागी येऊन पसरला.

काकीने काडी फुंकून विझवली. इरावतीला चार शब्द सुनावायचे म्हणून तिने फोन उचलला, आणि हातात धरून तशीच बसली. तिला राग येईचना.