जागा वाढली

खोपोलीत शिळफाट्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. खालून रबराचा वास येतो, त्याची सवय होते. शाळा, मंगल कार्यालयं, फार्महाऊस, असल्यांच्या वेबसाइट आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवतो. वेबसाइट म्हणजे शेवटी फायलीच, आणि फायलींना डिस्कवर जागा लागते. डिस्क भरली की नवं काही लिहिता येत नाही, साइट आहे तिथेच गोठते. म्हणून त्या जागेवर कुणीतरी नजर ठेवून बसावं लागतं. आमच्याकडे छाया बसते.

ती भिवपुरीजवळच्या गावातल्या शेतकऱ्याची मुलगी. मी देवव्रत, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी, त्यामुळे कुणाला पैकीच्या पैकी मार्क देणं रक्तात नाही. छायाला मात्र देतो. कुठल्या शाळेचं गॅदरिंग आहे, कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ येणार, हे तिला आधीच ठाऊक असतं, आणि पाहुणे यायच्या आत पाट मांडावेत तशी ती जागा करून ठेवते. साप चावल्यावर द्यायची लस आज कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे सांगणारी साइट आम्ही फुकट चालवतो, तीही तिचीच कल्पना. नर्स मोबाइलवरून नोंद करतात, लोक बघून निघतात.

तिची एकच खोड. डिस्क भरली की ती ‘जागा संपली’ म्हणत नाही. "सर, जागा वाढली," म्हणते. घरातले तांदूळ संपले म्हणू नये, वाढले म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खूश होऊन चहा मागवला होता, आणि चहा येईपर्यंत सगळं ठप्प. कॉम्प्युटरला तुझं शुभ-अशुभ कळतं का गं, म्हणून मी तिला चिडवायचो. ती हसायची. घरी तर तिला कुणी डब्यांना हातही लावू देत नाही म्हणे. मीठ बघायचं तरी आई, चंद्राबाई, स्वतः उठते. का, ते मी कधी विचारलं नाही.

भातकापणीला ती रजेवर होती. भर दुपारी तिचा फोन आला. मागे टेंपोचा आवाज. कापलेल्या भाताचा भारा उचलताना तिच्या वडिलांना, मालोजींना, साप चावला होता. भाऊ टेंपो चालवत होता आणि ते मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर येऊन थांबले होते.

"साइट कालचंच दाखवतेय, सर. नेरळकडं वळू का कर्जतकडं? बाबा बोलायचे थांबलेत."

माझा स्क्रीन लाल झाला होता. एका मंगल कार्यालयाने सकाळपासून व्हिडिओ ओतले होते. मी ते भराभर पुसले, पण जागा सुटेना. चालू प्रोग्रामने त्या फायली अजून धरून ठेवल्या होत्या. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला असता तर सुटली असती, पण मालोजींकडे तेवढा वेळ नव्हता. दवाखान्यांचे फोन लागत नव्हते.

डिस्क भरल्याचा आकडा तिच्या मोबाइलवरही दिसत होता.

"जागा वाढली, सर," ती म्हणाली. सवयीने. रडत.

सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज एकदम खाली बसला. रबराचा वास येईनासा झाला.

भरलेल्या जागेचा आकडा होता तिथेच होता. बदलला तो दुसरा, एकूण जागेचा. डिस्क कारखान्यातून निघते तेव्हा ठरतो, तो आकडा. तो कधी हलत नाही.

तो वर चढत होता.

नर्सची अडकलेली नोंद आत पडली.

"कर्जत," मी म्हणालो. "कर्जतला लस आहे."

मालोजी वाचले. आनंदाने मी खालच्या टायरवाल्यालासुद्धा पेढे दिले. मग डिस्क काढून पाहिली. लेबलावर जुनाच आकडा. विकणारा म्हणाला, मोजण्यात गडबड झाली असेल. पण तिच्यात मावणार नाही एवढं आम्ही आता लिहिलंय, आणि फाइल न् फाइल धड उघडते. मी हिशेबी माणूस आहे. पुन्हा मोजून पाहिलं, तेच. छायाला विचारलं, तर तिला वाटलं मीच काहीतरी केलं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. चंद्राबाई शेतावर होत्या. मालोजी खाटेवर बसले होते, बांधलेला पाय खाली सोडून. मी शेजारी टेकलो. तुमच्या मुलीसारखं काम करणारं माणूस मी पाहिलं नाही, असं मी त्यांना मनापासून सांगितलं.

"हाय खरी तशी," मालोजी एवढंच म्हणाले.

छाया चहा ठेवायला आत गेली. रांजणाच्या तळाला तांब्या घासल्याचा कोरडा आवाज आला.

"बाबा, पाणी वाढलं वाटतं," ती आतून म्हणाली.

मालोजींनी दोन्ही हातांनी बांधलेला पाय उचलून खाटेवर घेतला. दार उघडं आहे ना, ते वळून पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. रोजचं काम असावं तसं सगळं.

"सायेब," ते हळूच म्हणाले, "तुमी बी पाय वर घ्या."