चौथ्या ठोक्याला बसणारे तारे

अठ्ठावन्न मुलं एकमेकांच्या अंगावर धावून गेली आणि एकालाही साधं खरचटलं नाही. हे कसं झालं, असं फक्क्याने विचारलं, तेव्हा मला कोडं नको होतं. मला भांडण हवं होतं.

आमची बोरखिंड डोंगरावर आहे. तिथे आता माणसांपेक्षा पवनचक्क्या जास्त. मुलं फारच कमी उरली, म्हणून २०५८च्या जूनमध्ये आमची शाळा खालच्या पिंपळतळच्या शाळेत मिसळली. लेझीम खेळणारे आम्ही सतरा, ते एक्केचाळीस. सव्वीस जानेवारी आठ दिवसांवर आली, तेव्हा माने सर म्हणाले, "शाळा एक, तर लेझीमपथकही एकच. बोरखिंडीच्या मुलांनी पिंपळतळची चाल शिकून घ्या."

आमची चाल माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, बसवलेली. चौथ्या ठोक्याला खाली बसायचं आणि पाचव्याला उसळी मारून उठायचं. अख्ख्या तालुक्यात असं कुणी खेळत नाही. ती सोडायची म्हणजे बोरखिंड पुसूनच टाकायची की!

सर कार्यालयात गेले आणि मी शिट्टी फुंकली. आमचं वर्तुळ गोल फिरत मैदानाच्या मधोमध निघालं. पिंपळतळची म्होरकी सायमा मुलाणी कसली ऐकते! तिचंही वर्तुळ समोरून आलं. आम्ही त्यांच्यात घुसलो, ते आमच्यात घुसले आणि दोन्ही वर्तुळं चक्क आरपार निघून गेली.

फक्क्या म्हणजे मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारणारा आमचा यंत्रमानव. पिंपाएवढा, तीन चाकांचा आणि नको तिथे नाक खुपसणारा. त्याला नाक नाही, हा भाग वेगळा.

"धडक कुणाकुणाची झाली?" त्याने विचारलं.

"कुणाचीच न्हाई," सायमा खोकत म्हणाली.

"मग खोकतेस का?"

मैदानाच्या मध्यावर धुळीचा मोठा ढग उठला होता. आमच्याबरोबर आलेली धूळ आणि त्यांच्याबरोबर आलेली धूळ एकमेकींत शिरून तिथेच अडकली होती.

"मुलं आरपार गेली, धूळ मात्र धडकली," फक्क्या खुशीत म्हणाला. "दोन दीर्घिका (अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला समूह) एकमेकींवर आदळतात, तेव्हा असंच होतं."

"आम्ही दोन हात अंतर ठेवून खेळतो, म्हणून वाचलो," मी फणकारले. "तारे केवढे मोठे असतात! ते फुटत नाहीत होय?"

"सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर त्याच्या सगळ्यात जवळचा तारा शंभर किलोमीटरच्याही पुढे येईल. एक दाणा साताऱ्यात, दुसरा पुण्यात. मधे सगळं मोकळं. सांग बघू, कोण कुणाला धडकणार? पण वायूचे ढग अफाट पसरलेले असतात. ते एकमेकांवर दाबले जातात, आकसतात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. एकेका धडकेत लाखो."

भांडण राहिलं बाजूला. सायमा खाली मांडी घालून बसली, मग मीही बसले.

"पर आरपार गेल्या, तर एक कशा व्हतात?" तिने विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

फक्क्याने जमिनीवर फक्कीच्या दोन चकत्या काढल्या. "जवळून जाताना त्या एकमेकींच्या ताऱ्यांना ओढतात, हेलकावे देतात. काही तारे दूर फेकले जाऊन लांबलचक शेपट्या तयार होतात. या ओढाताणीत दोघींचा पुढे जाण्याचा वेग खर्च होतो. मग गुरुत्वाकर्षण त्यांना माघारी खेचतं. पुन्हा भेट, पुन्हा ओढाताण. अशा काही फेऱ्या झाल्या, की दोघींची मिळून एकच मोठी दीर्घिका होते. एखाद-दोन अब्ज वर्षं तरी लागतात. बहुतेक मोठ्या दीर्घिका अशाच वाढल्या."

"म्हणजे मोठीने लहानीला गिळलं," मी म्हणाले. "लहानी संपली. तिचं नावसुद्धा राहिलं नाही!"

फक्क्याने कॅमेरा माझ्याकडे वळवला. या वेळी त्याने आगाऊपणा केला नाही.

"आपल्या आकाशगंगेतही पूर्वी लहान दीर्घिका मिसळल्या आहेत. त्यांचे तारे अजून आहेत. कितीतरी तारे अजूनही रांगेने, एकाच वेगळ्या वाटेवरून फिरतात. त्या रांगेला तारकाप्रवाह (मूळच्या एका समूहातले, एकत्र वाहणारे तारे) म्हणतात. शास्त्रज्ञ त्यांची चाल मोजतात आणि ओळखतात, की ही मंडळी बाहेरून आलेली."

"चालीवरून?"

"हो, चालीवरून."

मी सायमाकडे बघितलं. ती आधीच उठून लेझीम उचलत होती. "चवथ्या ठोक्याला बसताना तुमचा तोल कसा जात न्हाई गं?" तिने विचारलं.

दोन्ही चाली एकाच खेळात बसवू द्या, असं सांगायला आम्ही दोघी मिळूनच सरांकडे गेलो. सरांनी दोनदा डोकं खाजवलं आणि ते म्हणाले, "आधी करून दाखवा."

सव्वीस जानेवारीला बोरखिंडीहून आबा आले. मोतीबिंदूमुळे त्यांना चेहरे ओळखू येत नाहीत. झेंड्यापासून लांब, अगदी मागच्या खुर्चीवर ते बसले. यातलं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

हलगी वाजली. दोन वर्तुळं समोरासमोर आली आणि आरपार गेली. मागे काही मुलांच्या रांगा शेपटीसारख्या लांबल्या. वर्तुळं वळली, हळू झाली, पुन्हा एकमेकांत शिरली. मध्यावर धूळ उठली आणि तिथे दबून बसलेली पहिलीतली पाच चिमुरडी हातात छोट्या लेझमी घेऊन उभी राहिली. आमचे नवे तारे! त्यातल्या एकाने लेझीम उलटी धरली होती. तिसऱ्या फेरीला अठ्ठावन्न जणांचं एकच मोठं वर्तुळ झालं. एक्केचाळीस जण उभ्याने खेळत होते आणि त्यांच्यामधून आम्ही सतरा जण एका रांगेने आमच्या वाटेवरून चाललो होतो. चौथ्या ठोक्याला खाली, पाचव्याला वर.

खेळ संपल्यावर मी धावत मागे गेले. आबा उभे होते. डोळे पुसत होते.

"आबा, दिसलं का काही?"

"तोंडं न्हाई दिसली, पोरी. समदं पांढरं पांढरं. पर एक रांग चवथ्याला बसली आन् म्या शेजारच्यास्नी म्हनलं, ती बघा आमची बोरखिंड."

मी त्यांना घट्ट मिठी मारली.

देवयानी (आपली मोठी शेजारीण दीर्घिका) कधीतरी आकाशगंगेत मिसळेल, याची शक्यता निम्मीच आहे, असं फक्क्या सांगतो. मिसळली तरी अब्जावधी वर्षांनी. तेव्हा कुणीतरी कुठूनतरी बघत असेल. आमच्या ताऱ्यांची एक रांग त्यांना दिसेल, ते तिची चाल मोजतील आणि शेजारच्यांना म्हणतील, ती बघा आकाशगंगा.