आमच्याकडे तुमचं कोणी आहे का?

या, असे जवळ सरका. बाहेर पाऊस पडतोच आहे, उठायची घाई कुणालाच नाही, आणि गोष्टही काही फार लांबलचक नाही. देवादिकांची नाही, राजाराणीची नाही. पगारपत्रकं करणाऱ्या एका मुलीची आहे. तुम्ही म्हणाल, आकडेमोडीत कसलं आलंय प्रेम? अहो, ज्याने हे सगळं चराचर भरून टाकलंय, त्याने हिशेबखातं तेवढं रिकामं सोडलं असेल होय? ऐका तर खरं. गोडी नाही लागली तर मला बोल लावा.

तर ही मुलगी घरात सगळ्यांची धाकटी. आई धाकटी म्हणे, दादा धाकटी म्हणे, आणि वहिनी घरात येऊन वर्ष व्हायच्या आत तीही धाकटीच म्हणू लागली. मुलाखत तोंडावर आली होती. घरी तयारी करायला बसावं, तर आई प्रत्येक उत्तराला डोळे पुसत ‘छान’ म्हणायची आणि वहिनीला हसू आवरायचं नाही. म्हणून ती दुपारी बागेत यायची. तिथे मधोमध गोल छपराचा एक कट्टा होता. पाऊस चारी बाजूंनी पडायचा आणि मधे माणूस कोरडा राहायचा.

त्या दिवशी तिने डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि सुरुवात केली.

“मला पगारपत्रकाच्या कामाचा अनुभव आहे. हजेरी, रजा, जादा तास, कपाती, सगळं मी स्वतः केलेलं आहे. मधली तीन वर्षं मी…”

इथे तिचं गाडं रोजच अडायचं. आजही अडलं.

“मधली तीन वर्षं काय?” खांबाच्या पलीकडून आवाज आला.

धाकटी दचकली. एक तरुण मांडीवर डबा घेऊन बसला होता. बाहीला चिकटपट्टीचा तुकडा चिकटलेला, केसांवर पावसाचे चार थेंब, आणि चेहऱ्यावर अगदी मनापासूनची उत्सुकता.

“मी तुमच्याशी बोलत नव्हते,” ती म्हणाली.

“असं होय. मी मघापासून हुंकार देतोय… मग कुणाशी बोलत होता?”

“समोर जे बसलेत त्यांच्याशी.”

त्याने मान वळवून पाहिलं. समोर एक ओलं बाकडं होतं, आणि बाकड्यावर एक कबुतर.

“हे नोकरी देईल असं वाटत नाही मला,” तो गंभीरपणे म्हणाला. “मान खूप हलवतंय, पण मनावर काही घेत नाहीये.”

तिला हसू आलं. हसायचं नव्हतं, तरी आलं. आणि एकदा माणूस हसला की खरं बोलणं सोपं जातं.

“मधली तीन वर्षं मी घरी होते. बाबा अंथरुणाला खिळले होते… मग गेले.”

त्याने डब्याचं झाकण हळूच बाजूला ठेवलं. “मग हेच सांगा की.”

“हे सांगताना रडू येतं.”

“कबुतरासमोर रडून घ्या आधी. ते कुणाला सांगायचं नाही. मीही नाही सांगणार.”

बोलता बोलता कळलं, की मुलाखत रस्त्यापलीकडच्या पंपांच्या कारखान्यात आहे आणि हा तिथलाच. तयार पंप खोक्यांत भरून रवाना करणारा जो विभाग, तो हा सांभाळायचा. धाकटीने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं: पार्सलवाला.

मग काय, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत कट्ट्यावर रोज मुलाखत भरू लागली. हिशेबातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ते तिनेच त्याला शिकवायचं, आणि शिकवता शिकवता तिचं स्वतःचं पक्कं व्हायचं. पण नोकरीत ज्यांच्याशी गाठ पडणार, ती माणसं त्याला तोंडपाठ होती. तो त्यांचं सोंग घ्यायचा.

“ओ मॅडम,” एक दिवस त्याने कपाळाला आठ्या घालून खांबावर हात आपटला, “माझे दोन दिवस कापलेत. का म्हणून?”

“रजेचा अर्ज नव्हता तुमचा.”

“आईचं ऑपरेशन होतं. अर्ज लिहीत बसू का तिथे?”

“हरकत नाही. अर्ज आता द्या, तुमच्या साहेबांची सही घ्या. पुढच्या पगारात फरक मिळेल.”

“उत्तर बरोबर आहे,” तो आठ्या काढत म्हणाला. “पण आई कशी आहे, ते नाही विचारलंत.”

धाकटीचे कान लाल झाले. तिने वही मिटली. “कशी आहे तुमची आई?”

“बरी आहे.” मग पावसाकडे बघत म्हणाला, “खरंच बरी आहे. मागच्या साली झालं ते. तेव्हा पगाराच्या खिडकीतून कुणी विचारलं नव्हतं.”

मंडळी, सोंग कुठे संपलं आणि माणूस कुठे सुरू झाला, ते तिला त्या क्षणी कळलं. त्यानंतर तिने सोंगातल्या एकाही कामगाराला आधी आकडा सांगितला नाही.

कपातींचा सराव करायला खरा पगार हवा होता. त्याने स्वतःचा सांगून टाकला, आडपडदा न ठेवता. अहो, पगार सांगणं म्हणजे घराचं दार उघडं टाकण्यासारखंच की. लोक सख्ख्या मेहुण्यालासुद्धा गोल गोल सांगतात. धाकटीने मान खाली घालून आकडेमोड केली. त्याचं घर तिला त्या आकड्यांतून दिसत होतं: आईच्या औषधांसाठी घेतलेली उचल, ती फेडत आलेली… 

“कुणाला सांगू नका हं,” तो म्हणाला.

“पगार करणारी माणसं सांगत नसतात.”

“म्हणजे तुमच्याजवळ आणखीही काही सांगितलं तरी चालेल.”

तिची पेन्सिल थांबली. “काय?”

त्याने डब्यातलं संत्रं सोलायला घेतलं. पाऊस मधेच जोरात आला, मधेच ओसरला.

“संत्रं गोड आहे,” तो म्हणाला. “घ्या ना.”

घरी वहिनीला सगळा अंदाज आला होता. “काय गं, उद्या साडी नेसशील की ड्रेस घालशील?” 

“कुठे?”

“मुलाखतीला. उद्या कोण घेणारे ती, कारखाना की कट्टा?”

“वहिनी, पुरे हं.”

“मी कुठे काय म्हटलं? आरसाच मघापासून म्हणतोय, ही बाई बाजूला होईल का जरा.”

हसण्यावारी गेलं, पण त्याच घरात आणखीही एक चित्र होतं. दादा. बाबांच्या आजारपणापासून तो दोन पाळ्या करत होता. संध्याकाळी मधल्या वेळात घरी यायचा, खुर्चीत बसून मोजे काढायला वाकायचा आणि एक मोजा हातात धरून तसाच झोपायचा. कंबर धरलेली, पण तोंडातून शब्द नाही. धाकटीला नोकरी लागली तर त्याची दुसरी पाळी सुटणार होती. म्हणून ही नोकरी तिला हवी होती. हौस म्हणून नाही, त्या मोज्यासाठी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पार्सलवाला सुट्टीच्या आधीच येऊन बसला होता. सगळे प्रश्न झाले. मधल्या तीन वर्षांचं उत्तर ती न रडता देऊ लागली होती.

“आता एकच राहिला,” तो म्हणाला. “हिशेबाच्या मोठ्या बाई शेवटी तो विचारतातच.”

या बाईंना अख्खा कारखाना पाठीमागे ताळेबंदबाई म्हणायचा. जमा आणि खर्च जुळल्याशिवाय त्या पाणीही पीत नाहीत अशी ख्याती.

“विचारा.”

त्याने बाईंसारखा चष्मा नाकावर ओढल्याचं सोंग केलं. “आमच्याकडे तुमचं कोणी आहे का?”

धाकटीने वहीतून मान वर केली.

“का विचारतात?” तिने हळूच विचारलं.

“मागे एकाने स्वतःच्या मेव्हण्याचे जादा तास वाढवून लावले होते. तेव्हापासून… पगार करणाऱ्याचं जवळचं माणूस आत असलं की उमेदवाराचं नाव यादीतून उडतं म्हणे.” चष्म्याचं सोंग कधीच गळून पडलं होतं. तो डब्याला उगाचच फडकं गुंडाळत होता. “तुम्ही सांगा, कोणी नाही.”

“कोणी नाही?”

“कोणी नाही,” तो म्हणाला. “खरं तेच ना ते.”

“हं,” ती म्हणाली. आणि छत्री न उघडताच निघून गेली.

आता तुम्हीच सांगा, यात चूक कुणाची? तो बिचारा तिच्या नोकरीपायी स्वतःला पुसून टाकत होता, आणि तिला वाटलं, त्याच्या मनात आपण नाहीच. तो तिकडे उपाशी आणि ती इकडे उपाशी. त्याने डबा तसाच परत नेला. हिने वहिनीला ‘डोकं दुखतंय’ म्हणून सांगितलं. वहिनीने काही न विचारता तिच्या ड्रेसला इस्त्री केली आणि तो दाराशी टांगून ठेवला. चेष्टा करणाऱ्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते कळलं, की समजावं माया खरी आहे.

मुलाखत झाली. दोन साहेब होते, ते विचारून विचारून दमले आणि समाधानाने बाहेर गेले. उरल्या ताळेबंदबाई. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आखूड नखं, हातात उघडं पेन.

“रजा कापली म्हणून कामगार भांडायला आला तर?”

“आधी विचारीन, घरी सगळं ठीक आहे ना. मग अर्ज मागीन.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कागदावर काहीतरी लिहिलं. “बरं. शेवटचं. आमच्याकडे तुमचं कोणी आहे का?”

उत्तर पाठ होतं. दोनच शब्द. कोणी नाही. धाकटीच्या डोळ्यांसमोर दादा आला, हातातला मोजा आला. तिने तोंड उघडलं… आणि ते दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. ज्या माणसाने तिला खरं बोलायला शिकवलं, त्याच्याच नावाने खोटं कसं बोलायचं?

“आहे,” ती म्हणाली. “रवानगी विभागात.”

“नातं काय?”

“ते… अजून ठरलेलं नाही.”

बाईंचं पेन वरच्यावर थांबलं. “त्याला माहीत आहे?”

“नाही. आधी तुम्हालाच सांगतेय.”

“मला आधी?”

“तुम्ही विचारलंत ना. त्याने विचारलंच नाही.” ती खुर्चीत पुढे सरकली. “मला ही नोकरी फार हवी आहे, बाई. माझा दादा दोन पाळ्या करतोय. पण त्याचा पगार दुसऱ्या कुणाला करू द्या. माझ्या हातून तो बरोबरच होईल… तरीसुद्धा मी करू नये.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं.

“तो जो मेव्हण्याचा माणूस होता,” बाई म्हणाल्या, “त्याचा मेव्हणा इथे होता म्हणून नाही काढलं मी त्याला. लपवला म्हणून काढलं. नियम एवढाच आहे, की आपल्या माणसाचा पगार आपण करायचा नाही. तो मी करीन.” त्यांनी पेन कागदावर टेकवलं, आणि पुन्हा उचललं. “पण इथे मी काय लिहू? एका बाजूचीच नोंद मी धरत नसते. दुसरी बाजू जुळते का, बघून या.”

“आता?”

“मग कधी? कागद आज वर पाठवायचाय. जा. मी थांबते.”

धाकटी गेली. आवार ओलांडताना ड्रेस भिजला, इस्त्री मोडली. रवानगीच्या शेडमध्ये खोक्यांच्या राशी होत्या, आणि मधोमध पार्सलवाला एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. त्याच खोक्याला, पुन्हा पुन्हा. खोकं कधीच बंद झालं होतं.

तिला पाहून तो उभा राहिला. “झाली? काय म्हणाल्या?”

“तो शेवटचा प्रश्न विचारला.”

“आणि तुम्ही…”

“आहे म्हटलं.”

त्याच्या हातातली पट्टी गळून पडली. “अहो, कशाला? नोकरी गेली ना मग. एवढं दोन शब्दांचं उत्तर…”

“नातं विचारलं त्यांनी. मला सांगता आलं नाही. विचारून या म्हणाल्या.” ती त्याच्याकडे न बघता खोक्यावरच्या बाणाकडे बघत होती. “पेन उघडं ठेवून बसल्यात तिकडे. तेव्हा… काल जे म्हणालास, ते खरं होतं का, तेवढं सांग.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. पट्ट्या लावणारे बाकीचे हात आपोआप हळू झाले होते.

“खोटं होतं,” तो म्हणाला. “आयुष्यात एवढं मोठं खोटं मी कधी बोललो नाही. तुला नोकरी मिळावी म्हणून बोललो, आणि रात्रभर वाटत राहिलं, देवा, हिने ते खरं मानू नये.” मग त्याला तिची भिजलेली बाही दिसली. त्याने स्वतःचा कोट काढला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. हात मात्र लगेच मागे घेतला नाही. “त्यांना सांग… सांग, की लग्न ठरलंय. तुला चालणार असेल तर.”

“मला चालणार असेल तर?” ती डोळे पुसत हसली. “भर पावसात मी काय पंप न्यायला आलेय?”

नोकरी मिळाली. दादाची दुसरी पाळी सुटली. पार्सलवाल्याचा पगार बाई स्वतः करत आणि जुळवताना गालातल्या गालात हसत, असं पाहणारे सांगतात.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी माझं एवढंच मागणं आहे. त्या दोघांना तुम्ही आशीर्वाद द्यालच, त्यात काही सांगायला नको. पण आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा ताळेबंदबाईंचीही आठवण ठेवा. ती मुलगी परत येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. समोरचा चहा गार झाला, दोनदा फोन वाजला, तरी पेन काही त्यांनी मिटलं नाही.