ब्रेकच्या दांड्याचं टोक

बुधवारी जेवणं उरकल्यावर एनिडने मिठाची बरणी उचलली आणि ती परसातल्या लाकडी खोपटाकडे निघाली. समुद्रावरून धुकं चढलं होतं. पलीकडचा रेल्वेचा बांधसुद्धा दिसत नव्हता.

खोपटात तिच्या नवऱ्याची, विल्फची, छोटी रेल्वे होती. चाळीस वर्षं तो मालगाड्यांना ब्रेक लावायच्या कामावर होता आणि घरी येऊन त्याच डब्यांच्या वीतभर प्रतिकृती करत बसायचा. कोळशाचे बारा डबे त्याने हाती घेतले होते. अकरा पुरे झाले आणि ऑक्टोबरात तो गेला. बारावा नुसता तपकिरी रंगवून राहिला होता, आणि शनिवारी त्याच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं.

"अकराच मांडू गं," क्लबचा डेस्मंड सकाळीच म्हणाला होता. "कोण मोजत बसतंय?"

"विल्फ मोजायचा. बारावा मी पुरा करते."

"आणि तू बिघडवलास म्हणजे?"

"म्हणजे मला चार शिव्या घाल. त्याच्या वाटच्याही घाल."

बोलली खरी, पण धास्ती होतीच. कुंपणाच्या फळ्या सोडल्या तर तिने आयुष्यात काही रंगवलं नव्हतं. बघून बघून कृती मात्र पाठ होती. तपकिरीवर पाण्याचा हात, त्यावर मीठ भुरभुरायचं, वरून करडा रंग. वाळल्यावर मीठ झाडलं की खालचा तपकिरी गंजासारखा डोकावतो. तिने सगळं तसंच केलं. डबा कागदावर वाळत ठेवून, पुढच्या दाराला कुलूप घालून ती चहाला गेली. बांधाकडचं मागचं दार विल्फच्या जाण्यायेण्याचं. तो गेल्यापासून ते बंदच होतं, आणि खाऱ्या हवेने त्याची आतली कडी गंजून घट्ट बसली होती.

तासाभराने ती परतली, तर आत ओल्या लोकरीचा वास, विल्फच्या कामाच्या कोटाला यायचा तसा... डब्यावरचं मीठ कुणीतरी झाडलं होतं. कागदाच्या डाव्या कडेला त्याची नीट ढिगुली होती. विल्फ डावखुरा होता.

"विल्फ...?"

छपरावरून पाणी ठिबकत होतं. तिने डबा उजेडात धरला. जी एक गोष्ट ती विसरली होती, तीही झालेली होती. ब्रेकच्या दांड्याचं टोक चकाकत होतं. विल्फ सगळ्यात शेवटी तिथे पेन्सिलीचं शिसं घासायचा. "अख्खा डबा गंजतो, एनिड," तो म्हणायचा, "पण माणसाचा हात रोज पडतो ना, तेवढं लोखंड गंजत नाही."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी ती पळाली नाही. त्या रात्री कित्येक दिवसांनी तिला सपाटून भूक लागली.

शनिवारी बाराच्या बारा डबे रुळांवर उभे राहिले. डेस्मंड भिंग लावून वाकला.

"हा तर त्याचाच हात! लबाड, तयारच होता ना हा?"

"अर्धा माझा आहे," एनिड म्हणाली, आणि दिवसभर खुशीत राहिली.

रविवारी ऊन पडलं. वाळलेल्या वेली काढायला ती खोपटाच्या मागे गेली. दाराच्या बिजागऱ्या, खिळे, पत्रा, सगळं गंजून लाल झालं होतं. लोखंडी मुठीवर मात्र डाव्या हाताची बोटं पडतात तेवढी जागा लख्ख होती.

ती आत आली. कडी होती तशीच घट्ट होती. तिने शिवणयंत्राचं तेल आणलं आणि कडीत थेंब थेंब सोडलं. ती सरकवायची की नाही, ते मात्र अंधार पडेपर्यंत तिचं ठरलं नाही.